डॉक्टरांची इटली

लाखनीच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची नोकरी लागली आणि मी खोली शोधत फिरत होते. माझे होणारे घरमालक त्या दिवशी अंगणात एका जुन्या मोटारसायकलपाशी मांडी घालून बसले होते. कानात स्टेथोस्कोप, त्याचं दुसरं टोक चालू इंजिनवर टेकवलेलं आणि डोळे मिटलेले. मी दोनदा नमस्कार म्हटलं. शेवटी त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"थांबा बाई थोडं," त्या म्हणाल्या. "पेशंट तपासून राहिले."

तपासणी झाली, इंजिन बंद झालं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला. "गेअरची गाडी चालवता का?"

"नाही. माझी स्कूटी आहे."

"मंग राहा. माही गाडी मांगणार नाही तुम्ही."

बाकीची बोलणी काकूंनी केली, कारण साहेबांनी स्टेथोस्कोप पुन्हा कानाला लावला होता. अशी मी त्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेले ती सहा वर्षं राहिले.

गावात त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. आपण डॉक्टर नाही हे ते स्वतःच सांगून टाकत. जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते. पण ज्याची गाय त्यांनी वाचवली आहे त्याला हा फरक समजावून सांगणं अवघड असतं. सकाळी वंदना झाली की ते अंगणात येत आणि जेवायला हाक येईपर्यंत त्या मोटारसायकलच्या आजूबाजूला असत. मोटारसायकल इटलीत बनलेली, लाल टाकीची, एका सिलिंडरची. अख्खी गल्ली तिला 'इटली' म्हणे. "डॉक्टर घरी हायेत का?" असं कुणी विचारलं की शेजारीण सांगे, "इटलीपाशी असतीन."

ती त्यांच्याकडे कशी आली हे नवीन माणसाला पहिल्याच चहाला ऐकावं लागे. नोकरीच्या सुरुवातीला ते तुमसर तालुक्यात होते. आंबागडला एका शेतकऱ्याची म्हैस अडली, पोटातलं पिल्लू आडवं आलेलं. डॉक्टरांनी सगळी दुपार गोठ्यात काढली, म्हैस वाचली, पिल्लूही वाचलं. हात धुवायला ते मागच्या पडवीत गेले तर तिथे मोटारसायकलवर कोंबड्या बसलेल्या. जवळच्या मँगनीजच्या खाणीवर कधीकाळी आलेला एक परदेशी इंजिनिअर ती मागे ठेवून गेला होता, आणि हस्ते परहस्ते ती या पडवीत येऊन पडली होती. "घेऊन जा साहेब," शेतकरी म्हणाला, "हिच्यापायी कोंबड्या घरात अंडे नाही देऊन राहिल्या." डॉक्टरांनी ती बैलगाडीत घातली. पुढे तिचे कागद करून घेण्यात त्यांनी जेवढे हेलपाटे घातले तेवढ्यात दुसऱ्यानं घर बांधलं असतं.

सुरुवातीला त्यांनी ती मेकॅनिककडे दिली होती. पण तिचे नट मिलिमीटरचे आणि त्या काळच्या मेकॅनिककडचे पाने इंचाचे. जो येई तो दोनचार नटांच्या कडा गोल करून जाई. तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं की आता हिला परका हात लावू द्यायचा नाही. गाड्यांचं त्यांना काहीच येत नव्हतं. जनावरांचं येत होतं, म्हणून त्यांनी तेच वापरलं.

ते वापरणं पाहण्यासारखं असे. प्लग काढला की "जीभ दाखव" म्हणत तो उन्हात धरायचे. काळा निघाला तर खाणं जास्त झालंय, पेट्रोल कमी करायचं. पांढराफटक निघाला तर उपाशी आहे, अंगात ताप आहे, पेट्रोल थोडं वाढवायचं. चहाच्या रंगाचा निघाला की तो प्लग घरभर मिरवला जाई. काकू भात वैरताना, मी वह्या तपासताना, तो आमच्या नाकासमोर येई. कार्बोरेटरचा स्क्रू ते एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त फिरवत नसत, आणि प्रत्येक वेळी दवाखान्याच्या उरलेल्या केसपेपरवर नोंद होई. भूक बरी. सकाळी खोकला. डाव्या कुशीत टिकटिक. ही टिकटिक म्हणजे टॅपेटची फट वाढलेली असे, आणि ती स्टेथोस्कोपनं नेमकी कुठून येते ते ते बरोबर सांगत. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर लावून गल्लीतून जाणाऱ्या पोरांची त्यांना मनापासून कीव येई. "जनावर वरडते म्हंजे त्याले दुखते," ते म्हणत. "ह्याईले वाटते गाडी खुश हाये."

मी फिजिक्सची. माझी शिकवण मला स्वस्थ बसू देईना. एकदा ते ठिणगीची वेळ लावत होते. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते, ती किती आधी याचं गणित असतं. डॉक्टरांचं गणित म्हणजे पतंगाच्या कागदाचा एक कपटा. तो ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या फटीत अडकवून हळूच ओढून धरायचा आणि दुसऱ्या हातानं इंजिन अगदी थोडं थोडं फिरवायचं. कागद सुटून हातात आला की तीच ठिणगीची वेळ. मी कॉलेजातून अंश मोजायची चकती आणून लावली आणि जाहीर केलं की त्यांची वेळ दोन अंशांनी चुकली आहे. मला झालेला आनंद मी लपवला नाही. ते म्हणाले, "चकती मधोमध नाही बसली, म्याडम." मी चिडून पुन्हा मोजलं. चकती मधोमध बसली नव्हती. पुढचे आठ दिवस ते माझ्याशी फार गोड वागले, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

त्यांचा एक कायदा होता. गाडीला काही लावायचं असेल तर लावायचं, पण तिचं काही कापायचं नाही, भोक पाडायचं नाही, जे उद्या काढून पहिल्यासारखं करता येणार नाही ते करायचं नाही. या कायद्यात बसवून त्यांनी बरंच काही लावलं होतं. आरसे जावयाच्या जुन्या गाडीचे होते. सीट त्यांनी स्वतः शिवली होती. मागच्या चाकाशेजारी काकूंचं लुगडं आत जाऊ नये म्हणून जाळी होती, तळ्यात मासे धरणाऱ्या एका ढिवर मित्रानं विणून दिलेली, जाड दोऱ्याची आणि चार क्लॅम्पांवर ताणलेली.

या जाळीवरून एकदा मजा झाली. जुन्या गाड्यांचे एक शौकीन नागपूरहून इटली पाहायला आले. फार सभ्य माणूस, पांढरे बूट घातलेला. त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, गुडघ्यांवर बसून इंजिनचे नंबर वाचले आणि हळहळत म्हणाले, "सगळं ओरिजिनल आहे हो, फक्त ही जाळी तेवढी काढा."

डॉक्टर म्हणाले, "मंग आमच्या घरची कुठं बसन? कंपनीनं गाडी बनवतानी तिले इचारलं नव्हतं."

पाहुणे हसले. पण जाताना म्हणाले, कधी द्यावीशी वाटली तर मला सांगा, माझ्याकडे हिला काचेच्या दालनात ठेवीन. डॉक्टरांनी त्यांना गेटपर्यंत पोचवलं आणि परत येऊन इटलीच्या टाकीवरून फडकं फिरवलं.

काकूंचं आणि इटलीचं मात्र उघड वैर होतं. त्यांच्या चांगल्या वाट्यांत कार्बोरेटरचे भाग रॉकेलमध्ये भिजत पडत. जुन्या लुगड्यांची फडकी होत, आणि कधी कधी नव्यांचीही. "सवत हाये माही," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "सवत निदान भांडे घासाले तरी आली असती." आणि डॉक्टर यावर कधीच काही बोलत नसत. घरात ते एकूणच कमी बोलत. काकू जेवताना काही सांगू लागल्या की ते मान हलवत, आणि दोन घासांनी उठून अंगणात जात. मला तेव्हा वाटे, बिचाऱ्या बाईचा संसार एका इंजिनशी चाललाय.

फक्त वर्षातून एकदा दोघं इटलीवरून लांब जात. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, बाजार, दंडारीचा खेळ, नाटक, पाहुणेरावळे. काकूंचं माहेर दिघोरी. तिथल्या मंडईला हे दोघं इटलीवरून जाणार हा लग्नानंतरचा नेम. जायच्या आधी आठ दिवस गाडीचं ऑइल बदलणं, पॉइंट घासणं, साखळी धुणं चाले. मग काकू नव्या लुगड्यात मागे बसत, आणि अख्खी गल्ली दोघांना निरोप द्यायला दारात उभी राही.

माझ्या तिथल्या सहाव्या वर्षी पोळ्यानंतर एका शेतकऱ्यानं कालवड दाखवायला दारात आणली. इंजेक्शन देताना ती बिथरली आणि डॉक्टरांच्या उजव्या घोट्यावर पाय देऊन उभी राहिली. हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा घोटा लाकडासारखा ताठ झाला होता. चालता येत होतं, पण पाऊल वरखाली होत नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता एवढंच.

यात काय बिघडलं ते मला दोन दिवसांनी कळलं. इटलीचा गेअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या, आजच्या गाड्यांच्या उलट. त्यांचे एक मोठे साहेब एकदा ऐटीत इटली घेऊन निघाले, ब्रेक समजून उजवा पाय दाबला आणि गेअर बदलून थेट धानाच्या बांधीत उतरले, ही गोष्ट तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होती. तर पहिला गेअर टाकायचा म्हणजे उजव्या पायाची बोटं लिव्हरखाली घालून ती वर उचलायची. डॉक्टरांचं पाऊल उचललंच जात नव्हतं. किक डाव्या बाजूला, त्यामुळे गाडी चालू मात्र होई. रोज सकाळी ते ती चालू करत, स्टँडवर तिच्यावर बसत, उजवा पाय लिव्हरखाली नेत. पाच मिनिटांनी इंजिन बंद करून उतरत. केसपेपरवर नोंदी बंद झाल्या. मी खिडकीतून पाहायची आणि मला रडू यायचं, हे सांगायला मला लाज नाही.

एके दिवशी त्यांनी नागपूरला फोन लावला. मी जिन्यातच होते. "दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी या," ते म्हणाले. "टेम्पो घेऊन या. चांगली ठेवजा." फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उभी राहून राहून जनावर मरते, म्याडम. त्याईच्याकडे निदान पुसतीन तरी."

माझ्यातली फिजिक्सवाली पुन्हा उठली. दोन रात्रींत मी आराखडे काढले. गेअर डावीकडे न्यायचा, ब्रेक उजवीकडे, मधून एक आडवा दांडा. डॉक्टरांनी चष्मा लावून सगळे कागद पाहिले. "दांडा आरपार न्याचा म्हंजे फ्रेमले भोक पडते," ते म्हणाले. मी म्हटलं, छोटंसंच. त्यांनी कागद नीट घडी करून परत दिले. "माह्या पायासाठी तिचा पाय कापू का?"

रविवार आठ दिवसांवर आला होता. मी कॉलेजातून आले तर काकू माझ्या दाराशी पायरीवर बसलेल्या. मांडीवर सुपात तांदूळ, पण निवडत नव्हत्या.

"म्याडम, जावयाच्या गाडीचा गेअर टाचेनं दाबला का वर जाते ना?"

"हो. पुढं बोटांनी दाबायचं, मागं टाचेनं. मागं दाबलं की पुढचं टोक वर."

"मंग ह्याईच्या गाडीले मांगं टाच काहून नाही लावत?"

तरफेचा नियम. मी तो वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलेय. लाखनीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या मोटारसायकलला तशी टाच असते. पण डॉक्टर त्या गाड्यांना गाडीच समजत नसत, त्यामुळे त्यांनी कधी त्यांच्या पायाशी पाहिलं नव्हतं. आणि मी स्कूटीवाली, मला गेअर फक्त पुस्तकात ठाऊक. घोटा ताठ असला तरी अख्खा पाय उचलून टाच दाबता येतेच. मूळ लिव्हरला मागे एक पट्टी लावायची, दोन क्लॅम्पांनी. कापायचं काही नाही.

"काकू, तुम्हीच सांगा ना त्यांना."

"मी सांगतलं तं मान हालवतीन आन् उठून जातीन. तुम्ही सांगा. तुमच्या पुस्तकातलं हाये म्हणा."

"पण तुम्हाला तर ती गाडी नकोच होती ना? सवत म्हणता तिला."

काकूंनी सुपातला एक खडा उचलून टाकला. "गाडी नाही पाहिजे मले. मांगची जागा पाहिजे." मग म्हणाल्या, "घरात त्याईच्यासमोर काही बोलता येत नाही मले. त्याईचं तोंड पाहिलं का अर्धं पोटातच राहते. गाडीवर पाठ असते ना समोर. लाखनी सुटली का मी बोलाले लागते, दिघोरी येतपर्यंत सगळं बोलून होते, जे कोणाले नाही सांगत ते. त्याईले इंजिनच्या आवाजात काही ऐकू येत नाही. पण सांगतल्यावानी वाटते, बापा. वर्षभर पुरते."

सहा वर्षं मी त्या बाईची कीव करत आले होते आणि मला तिच्याबद्दल काडीचं कळलेलं नव्हतं.

डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, पुस्तकातलं म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि अंगणात निघून गेले. संपलं, असं मला वाटलं. तासाभरानं पाहिलं तर ते रस्त्यावर उभे, शेजारच्या पोस्टमनच्या मोटारसायकलसमोर वाकून तिच्या लिव्हरकडे निरखून पाहत होते. पोस्टमन बिचारा पत्रं हातात धरून थांबला होता, आपल्या गाडीला कोणता रोग झालाय या काळजीत.

हायवेवर ट्रकांची वेल्डिंग करणाऱ्यानं पट्टी वाकवून दिली. क्लॅम्प डॉक्टरांनी स्वतः बनवले, लिव्हरला ओरखडा येऊ नये म्हणून आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला. सगळं बसवून ते गाडीवर बसले. डाव्या पायानं किक मारली. उजवा पाय गुडघ्यापासून उचलला आणि टाच खाली आणली. गेअर पडल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. इटली हळूहळू अंगणातून बाहेर गेली, हातपंपाला वळसा घालून परत आली. मी आणि काकू दारात उभ्या. डॉक्टरांनी गाडी बंद केली, खाली वाकून पट्टीकडे पाहिलं.

"दोन सूत लांब पाहिजे," ते म्हणाले. काकू आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

रविवारी नागपूरचे पाहुणे टेम्पो घेऊन वेळेवर हजर झाले. डॉक्टरांनी त्यांना चहा दिला, पोहे दिले, नवीन टाच दाखवली. पाहुण्यांनी टाच पाहून डोळे मिटून घेतले. मग डॉक्टर म्हणाले, "एवढी मंडई होऊन जाऊ द्या."

"ठीक आहे. कधी आहे मंडई?"

"दरवर्षी असते," डॉक्टर म्हणाले. पाहुणा खरंच सभ्य होता. रिकामा टेम्पो घेऊन हसत परत गेला.

दिघोरीला ते दोघं त्याच आठवड्यात गेले. मी गल्लीबरोबर दारात उभी होते. गाडी वळणावर पोचायच्या आतच काकूंचं तोंड हलायला लागलेलं मला दिसलं. तीन दिवसांनी संध्याकाळी परत आले, धुळीनं माखलेले, आणि काकूंनी उतरल्या उतरल्या नेहमीसारखी तक्रार केली की कंबर मोडली, पुढच्या साली एसटीनं जाईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या घाईत होते आणि डॉक्टर ताठ पायानं एकेक पायरी चढत वर आले. सहा वर्षांत ते पहिल्यांदा वर येत होते.

"म्याडम, मोबाइलवर भंडाऱ्याच्या एखाद्या डोळ्याच्या डॉक्टरचा नंबर पाहून लावून देता का? आजचाच टाइम पाहिजे."

"तुमच्या डोळ्यांना काय झालं?"

"माह्या नाही. हिच्या. डाव्या डोळ्यानं धुरकट दिसून राहिलं तिले. मंडईच्या नाटकात राजा कोणता आन् शिपाई कोणता, समजला नाही म्हणे. चार महिने झाले. ऑपरेशन सांगतीन म्हणून भेते, कोणाजवळ बोलत नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं? काकू बोलल्या?"

"बोलली ना. काल येतानी. पालांदूरच्या अलीकडं."

मी हातातली पर्स खाली ठेवली. "गाडीवर? तुम्हाला ऐकू येतं?"

त्यांनी जिन्याखाली नजर टाकली. खाली काकू भांडी घासत होत्या.

"लग्नापासून ऐकून राहिलो," डॉक्टर म्हणाले. "हळू बोला, म्याडम. तिले समजलं तं बोलाची बंद होऊन जाईन."

मी नंबर लावला आणि जितकं हळू बोलता येईल तितकं हळू बोलले.